भाकरीच्या खोलीतलं वायफाय

आमच्या घरी येणारा माणूस आधी पाणी मागतो की वायफायचा पासवर्ड, हे सांगणं आता कठीण आहे. सासूबाईंनी दोन्हींची सोय एकाच ठिकाणी करून ठेवली आहे. भाकरीच्या खोलीत माठ आहे आणि माठाच्या वर, भिंतीवर, खडूनं ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिलेला आहे. मी एकदा म्हणाले, "आत्या, पासवर्ड असा उघड्यावर लिहायचा नसतो." आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आत्या म्हणाल्या, "लपवून ठेवला की मागायला लागतंय. मागायला लागलं की मान खाली जाती. ज्या घरात राबायचं, तितं मान खाली कशापायी?"

आत्यांचा कडक भाकरीचा धंदा आहे. ज्वारीची, पातळ, मंद आचेवर कुरकुरीत केलेली, डब्यात कितीतरी दिवस टिकणारी. सोलापूरचा माणूस परगावी निघाला की हीच भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर नेतो. परगावची माणसं आधी नाक मुरडतात आणि मग पार्सल कधी येणार म्हणून फोन करतात. आमच्या मागच्या मोठ्या खोलीत शेगड्यांची एक रांग आहे. भाकरी करायला बायका येतात. जवळच्या पायी येतात, एकीला नवरा रिक्षानं सोडतो, एक होटगीहून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येते. घरी कुणी कानडी बोलतं, कुणी तेलुगू. खोलीत आल्या की सगळ्या आत्यांची मराठी बोलतात, कारण तिथं दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही.

मला आत्यांचं फार कौतुक आहे, ते आधीच सांगून टाकते. लोक सासूचं कौतुक तिच्या माघारी करतात. मी आत्ताच करते, म्हणजे त्यांनाही वाचता येईल, चष्मा सापडला तर.

पूर्वी त्या खोलीत 'ही शेगडी माझी' म्हणून भांडणं व्हायची. खिडकीजवळची शेगडी सगळ्यांनाच हवी असायची. आत्यांनी एक दिवस सगळ्यांची मालकी मोडून काढली. नियम असा केला, की येईल तिनं दाराकडून पहिली मोकळी शेगडी घ्यायची. काम संपलं की पीठ मळायची काठवट धुऊन भिंतीला उभी टेकवायची. उभी काठवट दिसली की शेगडी मोकळी. स्वतःची शेगडी त्यांनी ठरलेली ठेवली, पण ती रांगेच्या अगदी शेवटी, कोपऱ्यात, जिथं पंख्याचा वाराही पोचत नाही. तिथपर्यंत कुणाची पाळी जातच नाही, त्यामुळे त्यांच्या जागेवरून भांडणही होत नाही.

आता माझं सांगते. मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत वापरतात, आणि दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या मुलींचं कुठं अडलं की त्या मला फोन करतात. समोरचीची स्क्रीन माझ्या स्क्रीनवर येते आणि मी तिला सांगत जाते, इथं दाब, तिथं लिही. लग्नानंतर बरीच वर्षं माझी पदवी कपाटात गुंडाळून पडली होती. ही नोकरी लागली तेव्हा मी इतकी खूष झाले, की पहिल्या दिवशी घरातच नवी साडी नेसून लॅपटॉपपुढं बसले. नवरा चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर, मुलगी शाळेत. घर न सोडता मला माझं काम मिळालं होतं. पण मी अजून कच्ची होते, म्हणजे कंपनीनं कायम केलेलं नव्हतं.

इंटरनेट घेतलं त्याच आठवड्यात भाकरीच्या खोलीत कॅमेराही बसवला होता. बसवणारा म्हणाला, कॅमेऱ्याला कायमचा नंबर द्यावा लागेल, नाहीतर तो मोबाइलवर सापडणार नाही. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं, "कसला नंबर?" नवऱ्यानं समजावलं, की घरातल्या वायफायवर जे जे काही येतं, मोबाइल असो, लॅपटॉप असो, टीव्ही असो, त्या प्रत्येकाला एक नंबर लागतो. आयपी ॲड्रेस म्हणतात. कुठली वस्तू कुणाला पोचवायची, हे वायफायच्या डब्याला त्यावरून कळतं. बाकीच्यांना तो डबा आपण होऊन नंबर देतो, आज हा, उद्या कदाचित दुसरा.

मामा खुर्चीतून उठलेच. "म्हंजे कॅमेऱ्याला कायमचा नंबर आन् मला तात्पुरता? घर कुणाचं हाय?"

आमच्या घरात पंगतीला ताट मोठ्यांपासून वाढतात, आणि मामा ते विसरू देत नाहीत. नवऱ्यानं वाद घालण्यापेक्षा सोपी वाट धरली. ज्याच्या त्याच्या वस्तूत शिरून त्यानं हातानं कायमचे नंबर घातले, वयाच्या क्रमानं. शेवटचा आकडा मामांच्या मोबाइलला दोन, आत्यांच्या मोबाइलला तीन, स्वतःच्या मोबाइलला चार, माझ्या लॅपटॉपला पाच, लेकीच्या टॅबला सहा. कॅमेरा गडीमाणूस, म्हणून त्याला सात. एक नंबर मामांना का नाही, यावरून आणखी थोडी धुसफूस झाली. एक नंबर डब्याचा स्वतःचा असतो, हे ऐकल्यावर मामा दोन दिवस त्या डब्याकडं बघत नव्हते.

पहिले काही महिने सगळं झकास चाललं. मग आत्यांनी माठाच्या वर भिंतीवर पासवर्ड लिहिला. होटगीच्या बाईच्या घरी रेंज धड येत नाही, आणि तिचा मुलगा लातूरला वसतिगृहात राहून शिकतो. जेवणाच्या सुट्टीत त्याचं तोंड दिसावं एवढीच तिची हौस. बाकीच्यांनीही आपापले मोबाइल जोडले. आणि माझे कॉल तुटायला लागले.

बोलता बोलता स्क्रीन थिजायची. कोपऱ्यात एक पिवळी खूण यायची आणि काहीतरी इंग्रजी वाक्य चमकून जायचं, ते मी घाईत बंद करायची. थोड्या वेळानं आपोआप सुरू, पुन्हा बंद. दवाखान्यातल्या मुली वैतागल्या. मी त्यांच्यावर वैतागले, मग नवऱ्यावर, मग इंटरनेट कंपनीच्या माणसावर. त्यानं वायर बदलली, डबा तपासला, चहा प्यायला आणि "लाइन ओके आहे" म्हणून गेला. मामांनी डबा देवघराशेजारी हलवला. त्यांचाही मोबाइल सकाळी अडायचा, कुस्तीचा व्हिडिओ ऐन धोबीपछाडवर थांबायचा, म्हणून तेही माझ्या बाजूला होते. कुणीतरी डब्याला लिंबू-मिरची टांगली. तीही मी काढली नाही. नाइलाज माणसाला काय काय सहन करायला लावतो!

मग पुण्याहून मॅडमचा फोन आला. बाई वाईट नाही, पण स्पष्ट आहे. "तुमचं काम उत्तम आहे, पण कॉल टिकत नाहीत. महिनाअखेरीला मी स्वतः तुमच्या एका कॉलवर बसणार आहे. टिकला तर घरून काम कायम. नाही टिकला तर पुण्याला ऑफिसमध्ये यावं लागेल, नाहीतर आपण इथंच थांबू."

पुण्याला जायचं म्हणजे लेकीला इथं ठेवून जायचं, नाहीतर तिची शाळा मोडायची. नवऱ्याची पाळी, आत्यांचं वय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि नोकरी सोडायची म्हणजे पदवी परत कपाटात. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. आमच्या घरात रडायला तेवढीच जागा आहे.

अशात भाकरीच्या खोलीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की होटगीची बाई आली की वैनींचं नेट जातं. मी म्हटलं, काहीतरीच. पण मीही लक्ष ठेवलं, आणि खरंच की! ती वडापमधून उतरून आत यायची, पदर खोचायची, आणि माझी स्क्रीन थिजायची. ती आली नाही त्या दिवशी सगळं सुरळीत. बायकांत कुजबुज सुरू झाली. एकीनं तो शब्द उच्चारलाच: पांढऱ्या पायाची. ज्या बाईचं पाऊल पडलं की दुसऱ्याचं वाटोळं होतं, तिला असं म्हणतात. तिचा नवरा तरणाताठा गेला होता, त्यामुळे हा शब्द तिनं आधीही ऐकलेला असणार.

मामा म्हणाले, "आपल्या सुनंची नोकरी महत्त्वाची. तिला म्हनावं, म्हैनाभर येऊ नको."

ती स्वतःच आत्यांपुढं येऊन उभी राहिली. "मावशी, मी उद्यापास्नं येत न्हाय. वैनीचं लुस्कान नको माज्यामुळं."

आत्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं फार क्वचित पाहिलंय. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची म्हनं! हितं कुणाचं पाय पांढरं न्हाईत दावा की मला. दिवसभर पिठात बसताय सगळ्या!" मग तिच्याकडं वळून म्हणाल्या, "आन् तू गं, न येऊन कळनार हाय का कशानं हुतंय ते? ये माज्यासंगं."

त्या तिला घेऊन थेट माझ्या खोलीत आल्या. दुपारची वेळ होती, माझी जेवणाची सुट्टी. आत्या मला म्हणाल्या, "पोरी, बाई येगळी आन् फोन येगळा. दोनी येगळं करून बघ."

आधी तिचा मोबाइल बाहेर ओसरीत बंद करून ठेवला आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. नेट छान. तिनं लॅपटॉपला हात लावला, तरी छान. मग आत्यांनी तिला कोपऱ्यावरच्या गिरणीत पीठ आणायला धाडलं आणि तिचा मोबाइल माझ्या टेबलावर आणून सुरू केला. वायफायची खूण उमटली, आणि माझी स्क्रीन थिजली. बाई गिरणीत आणि नेट इथं बंद! आत्यांनी टाळी वाजवली. खरोखर टाळी. मी त्यांच्या गळ्यातच पडले असते, पण हाताला पीठ होतं त्यांच्या.

पुढचं काम माझं होतं. कोपऱ्यातलं ते पिवळं वाक्य या वेळी मी बंद केलं नाही, वाचलं. या जाळ्यावर तुमचाच नंबर आणखी कुणीतरी वापरत आहे, असा त्याचा अर्थ होता. मी तिच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये शिरले. शेवटचा आकडा पाच. माझ्या लॅपटॉपचाही पाच.

त्या दुपारी मी जे वाचलं, त्यानं मी अक्षरशः हरखून गेले. नवा मोबाइल घरात शिरला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारतो, इथं नंबर देणारं कुणी आहे का? डबा म्हणतो, मी आहे, हा नंबर मोकळा आहे. मोबाइल म्हणतो, मग हाच घेतो. डबा म्हणतो, घे, अमुक वेळेपर्यंत तुझा. वेळ संपत आली की मोबाइल पुन्हा विचारतो, राहू का अजून? राहायचं असेल तर मुदत वाढते. निघून गेला तर नंबर मोकळा होऊन दुसऱ्याला मिळतो. तोच मोबाइल परत आला तर डबा शक्यतो त्याला त्याचा जुनाच नंबर आठवणीनं देतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत एवढा सगळा संवाद होतो, घराघरांत, दिवसभर, आणि कुणी आवाज चढवत नाही. ज्यानं कुणी ही पद्धत बसवली असेल, त्याच्या घरी भांडणं फार होत असणार किंवा मुळीच होत नसणार.

आमच्या डब्याची काही चूक नव्हती. तो दोनपासून पुढं नंबर वाटत होता. दोन ते सात आम्ही हातानं धरून बसलोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या बाईला दोन मिळाला, म्हणून मामांची कुस्ती अडली. तीनमुळे आत्यांचं काही बिघडलं नाही, कारण आत्यांचा मोबाइल पिठाच्या डब्यावर पडून असतो. चारवाला नवरा दिवसभर चिंचोळीला. पाच होटगीच्या बाईला मिळाला, आणि तिला तो रोज आठवणीनं मिळत राहिला.

ती गिरणीतून परत आल्यावर मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे यष्टीत रुमाल टाकल्यागत की. तुमी रुमाल टाकला, पर कंडाक्टरला ठावंच न्हाय."

आत्यांनी एवढंच विचारलं, "मग आता?"

मी म्हटलं, "तुमच्या शेगड्यांसारखं करायचं. येईल त्यानं मोकळा नंबर घ्यायचा, आपणसुद्धा. कॅमेऱ्याला ठरलेला लागतो, तर त्याला पार शेवटी नेऊन बसवायचं आणि डब्याला सांगायचं, तिथपर्यंत वाटू नकोस."

"मग बघतीस काय? कर की."

मामांचा दोन नंबर काढताना तेवढं अवघड गेलं. "माजा नंबर परक्या बाईला जानार?" ते म्हणाले. आत्या म्हणाल्या, "तुमी घरात पयलं हाय ते हाय. त्याला त्या डब्याची सही लागती का?" मामांनी मुकाट्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कुस्ती शेवटपर्यंत चालली, आणि त्यांनी ती सगळ्यांना ओरडून सांगितली.

आत्यांनी भाकरीच्या खोलीत सगळ्यांपुढं सांगून टाकलं, "चूक आमच्या घराची हुती. हिची न्हाय, हिच्या पायाची न्हाय." जिनं तो शब्द काढला होता, तिनं होटगीच्या बाईला आपल्या डब्यातली शेंगाचटणी वाढली. माझ्या मते विषय मिटला होता.

महिनाअखेरीचा दिवस उजाडला. मॅडम पुण्याहून कॉलवर बसल्या होत्या आणि एका मोठ्या दवाखान्याची मुलगी आपलं अडलेलं काम दाखवत होती. हेडफोन लावला की मला माझीच धडधड जास्त ऐकू येते, म्हणून मी लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलत होते. अर्ध्यापर्यंत सुरेख पार पडलं. मग दार ढकललं गेलं. आत्या होटगीच्या बाईला मनगटाला धरून आत घेऊन आल्या होत्या.

नंतर कळलं ते असं. ती सकाळीच आली होती, पण आत शिरलीच नव्हती. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर उन्हात बसून राहिली होती, मोबाइल बंद करून पिशवीत तळाशी घातलेला. माझा कॉल संपल्यावर आत येणार होती. आत्यांना ती कुठल्याच शेगडीपुढं दिसली नाही आणि त्या तिला शोधत बाहेर गेल्या. तिचं कारण ऐकल्यावर त्यांनी तिला हाताला धरून उठवलं.

आत्यांनी तिला माझ्या शेजारी पलंगावर बसवलं आणि बोटानं खूण केली: मोबाइल चालू कर. तिनं मानेनंच नाही म्हटलं. आत्यांनी पुन्हा बोट दाखवलं. मी आत्यांकडं बघून डोळे मोठे केले, हात जोडले. आज नको, आत्या, आजचा एकच दिवस नको! आत्यांनी माझ्याकडंही तसंच बघितलं, जसं तिच्याकडं बघत होत्या. तेव्हा मला कळलं. आज ती बाहेर बसली असती आणि माझा कॉल टिकला असता, तर तो आपण दूर राहिल्यामुळंच टिकला असं तिला जन्मभर वाटलं असतं.

तिनं मोबाइल सुरू केला. वायफायची खूण उमटली आणि लातूरचे राहिलेले निरोप टिंग टिंग करत एकामागून एक आले.

माझं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. स्क्रीनकडं बघायचीही हिंमत होईना.

स्पीकरमधून मॅडमचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "तुम्ही थांबलात का? आवाज येतोय का माझा?"

मी आत्यांकडं बघितलं. तेव्हा होटगीची बाई लॅपटॉपकडं वाकली आणि मोठ्यांदा म्हणाली, "येतोय की!" आणि पदर तोंडावर धरून रडायला लागली.

"कोण बोललं हे?" मॅडमनी विचारलं. "कोण आहे तिथं?"

"आमच्या घरातलीच आहे, मॅडम," मी म्हणाले. "पुढं बोलू?"